पॉपकॉर्नच्या लायनीत कळतं पिक्चर कसा आहे : इंदूरचा उन्हाळा २०२५

आधीच सांगून ठेवते, मी समीक्षक वगैरे नाही. थर्ड ॲक्ट, कलर ग्रेडिंग हे शब्द भाच्याच्या तोंडून ऐकलेत तेवढेच. एरवी आमचं थेटरात जाणं कमीच, सानंदचं, म्हणजे इथल्या मराठी नाट्यसंस्थेचं, नाटक असलं की ते चुकवत नाही आणि बाकी घरी टीव्ही झिंदाबाद, पण मे-जून-जुलै या तीन महिन्यांचा हिशोब वेगळा असतो कारण १ मेपासून १५ जूनपर्यंत शाळांना सुट्टी, पुण्याहून नणंद पोरांना घेऊन राजेंद्रनगरला माहेरपणाला येते, घर भरलेलं, बाहेर पारा बेचाळीसवर आणि दुपारी एक ते सहा या सगळ्या फौजेचं करायचं काय हा रोजचा प्रश्न. खायला छप्पन दुकान संध्याकाळी, सराफा रात्री, दुपारी काय? दुपारी पिक्चर. म्हणजे आमच्यासाठी समर ब्लॉकबस्टर ही आधी थंड हवेची सोय आणि मग सिनेमा.

चेष्टा नाही करत. माझा नवरा एसी रिपेरिंगच्या धंद्यात आहे, मे महिन्यात त्याचा फोन कानाला चिकटलेला असतो, आणि कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेली एक गोष्ट तो दर उन्हाळ्यात मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी लावता लावता पोरांना ऐकवतो, की १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली थेटरात विलिस कॅरिअरने एसी बसवला, त्याच्या आधी तिकडे उन्हाळ्यात थेटरात कोणी फिरकायचं नाही, कित्येक थेटरं तर चक्क बंद ठेवायचे, आणि एसी आल्यावर लोक निव्वळ गारव्यासाठी तिकीट काढायला लागले. "शंभर वर्षं झाली, हीरो बदलले, धंदा आमचाच," असं म्हणून स्वतःच हसतो. पुढचं भाचा जोडतो, की १९७५ च्या जूनमध्ये शार्कवाला 'जॉज' आला, १९७७ च्या मेमध्ये 'स्टार वॉर्स', आणि तेव्हापासून सगळ्यात खर्चिक माल उन्हाळ्यात काढायचा असा पायंडाच पडला. फक्त त्यांचा उन्हाळा ऑगस्टपर्यंत चालतो आणि आपल्याकडे जूनच्या मध्यात पाऊस हजर, त्यामुळे त्यांचे निम्मे समर पिक्चर आपण इंदुरात रेनकोट घालून बघतो, शाळा सुरू झालेली असते, डबे सुरू झालेले असतात, वह्या-पुस्तकांत पैसे गेलेले असतात आणि मग तिकिटाचा विचार दहादा होतो. मेमधला पिक्चर कसाही असला तरी निभतो, जुलैमधला चांगलाच असावा लागतो.

माझी कसोटी सोपी आहे. इंग्रजी पिक्चरला इंटरवल नसतोच, म्हणजे बनवणाऱ्याने ठेवलेला नसतो, आपल्याकडे थेटरवाले मध्यावर अंदाजाने कापतात, कधी कधी तर माणूस तोंड उघडून काही सांगणार तेवढ्यात दिवे लागतात. मग सगळे डोळे चोळत पॉपकॉर्नच्या लायनीत. त्या लायनीत लोक काय बोलतायत ते ऐकायचं. पिक्चरबद्दल बोलत असले, पुढे काय होणार यावर पैज लावत असले तर पैसे वसूल. मोबाईल काढून ऑफिसचे मेसेज बघत असले तर गेला पिक्चर, मग ऑनलाइन त्याला किती का स्टार असेनात.

या उन्हाळ्याची सुरुवात झाली टॉम क्रूझपासून. 'मिशन इम्पॉसिबल'मधला आठवा, 'द फायनल रेकनिंग'. आपल्याकडे १७ मेला आला, अमेरिकेत २३ ला, आणि भाच्याला या सहा दिवसांचा इतका अभिमान की जणू प्रिंट त्यानेच आणलीय. पावणेतीन तासांच्या वर पिक्चर आणि त्यातला पहिला तासभर नुसती मीटिंग. खरंच सांगते, माणसं अंधाऱ्या खोल्यांत उभी राहून एकमेकांची वाक्यं पूर्ण करतात, एक म्हणतो जग संपणार, दुसरा म्हणतो एकच माणूस वाचवू शकतो, तिसरा म्हणतो पण तो आहे कुठे, आणि मधेमधे जुन्या भागांचे तुकडे. व्हिलन कोण तर एआय, म्हणजे दिसायलाही काही नाही. मी मागचे सगळे भाग बघितलेले नाहीत त्यामुळे माझी गत लग्नात थेट पंगतीला पोचलेल्या पाहुण्यासारखी, कोण कुणाचा काका काही कळेना. सासूबाईंनी तर चष्मा काढून पर्समध्येच ठेवला. आणि इंटरवलला लायनीत? सगळ्यांचे मोबाईल बाहेर. एक काका घरी फोन करून टाकीत पाणी चढवलं का विचारत होते.

पण मग पाणबुडी आली. समुद्राच्या तळाशी पडलेली जुनी रशियन पाणबुडी, हा आत शिरतो, ती घरंगळायला लागते, पाणी एका बाजूचं दुसऱ्या बाजूला, आत ठेवलेले टॉर्पेडो सुटून गडगडत येतात, आणि कितीतरी वेळ कोणी एक शब्द बोलत नाही. पहिल्या तासात जे लोक बोलून बोलून सांगू शकले नाहीत ते इथे न बोलता कळतं, की हा माणूस मरू शकतो. माझ्या शेजारी भाची, नऊ वर्षांची, पॉपकॉर्नचा हात तोंडापर्यंत नेऊन तशीच थांबलेली. नंतर ते दोन पंखी विमान आणि त्याच्या पंखाला लटकलेला टॉम क्रूझ, वय ६२. इथे नवऱ्याचा धंदा आडवा आला कारण तो स्वतः तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर आउटडोर युनिट बसवायला लटकतो, तो अख्खा सीन पुटपुटत होता, "बेल्ट असणार, पुसून टाकला असेल, पण लटकलाय तो खराच, बघ हात कसे थरथरतात." त्याच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट नाही. आणि एक गोष्ट मला फार आवडली, १९९६ च्या पहिल्या भागात छतावरून दोरीने उतरून ज्या माणसाच्या ऑफिसातून चोरी केली होती ना, त्या बिचाऱ्याची त्यावरून अलास्काला बदली होते, तो माणूस या भागात परत आणलाय, तोच नट, एवढा म्हातारा झालेला, आणि त्याला काही तक्रारच नाहीये. तेवढा एक भाग मी टीव्हीवर पाहिलेला म्हणून मला कळलं, शेजारची दोन पोरं ढिम्म बसली होती. तर ग्रेस मार्क देऊन पास, पण पहिला तास कापून विकला असता तर जास्त पैसे दिले असते.

'हाउसफुल ५' वर जास्त लिहीत नाही. ६ जूनला आला, क्रूझ जहाजावर खून होतो, आणि गंमत काय तर पिक्चरच दोन, ५ ए आणि ५ बी, दोन्हींत खुनी वेगळा. आमच्याकडे तिकीट बुक करताना ए की बी यावरून जी भांडणं झाली ती पिक्चरपेक्षा मजेशीर होती, पोरांना बी पाहिजे, वेळ ए ची बरोबर. पावणेतीन तास इतकी माणसं पडद्यावर ओरडतायत की बाहेर आल्यावर एबी रोडचा ट्रॅफिक शांत वाटला. यांनी खुनी दोन दोन शोधले, स्टोरी एक शोधायची राहिली.

मराठी पिक्चरचं दुखणं वेगळं. १ मेला 'आता थांबायचं नाय' आला, मुंबई महापालिकेच्या चतुर्थ श्रेणी कामगारांनी रात्रशाळेत बसून दहावी पास केली त्या खऱ्या गोष्टीवरचा, भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, म्हणजे माझ्या हिशोबाने हाच आमचा समर ब्लॉकबस्टर. पण इंदुरात मराठी पिक्चर लागला तर एखादा शो, तोही अशा वेळेला की नोकरीवाला जाऊ शकत नाही आणि म्हातारं माणूस परत येऊ शकत नाही, मग थेटरवाले म्हणणार पब्लिक येत नाही. येणार कुठून? रामबागेपासून सुदामानगरपर्यंत नाटकाला हॉल भरवणारं पब्लिक आहे इथे. नणंद पुण्यात बघून आली होती, तिने जेवण झाल्यावर अख्खी स्टोरी डायलॉगसकट सांगितली, मधे रडली पण, आणि सासूबाई म्हणाल्या, "ताई, तूच बरी, इंटरवलला खाली तरी उतरावं लागत नाही."

२० जूनला 'सितारे ज़मीन पर' आला, तोपर्यंत पुण्याची मंडळी परत गेलेली. आमिर खान, बास्केटबॉल, आणि दहा कलाकार असे की जे खरोखर न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेले आहेत, कुणी नक्कल करत नाहीये. ती दहा पोरं पडद्यावर आली की पिक्चर उजळतो आणि आमिर भाषण द्यायला लागला की थोडा मंदावतो. लायनीत बायका त्यातल्या एकेका पोराचं नाव घेऊन बोलत होत्या, म्हणजे पास. पण नंतर १ ऑगस्टला तो त्यांनी युट्यूबवर १०० रुपयांत लावला, नेहमीच्या ओटीटीला दिलाच नाही, आणि अख्ख्या घराने शंभरात परत बघितला. तेव्हा नवऱ्याने हिशोब काढलाच, की थेटरात आपण बाराशे घातले होते. खरं सांगायचं तर या पिक्चरचं घरी काही कमी झालं नाही, उलट सासूबाईंना पॉज करून चहा घेता आला. म्हणून मग मी विचार करायला लागले की थेटरातच बघावा असा म्हणजे नक्की कसला पिक्चर, आणि लक्षात आलं की त्याचं उत्तर 'सितारे'च्या पुढच्याच आठवड्यात, जूनमध्येच मिळालं होतं.

'एफ वन'. २७ जून. पाऊस लागला की एसीवाला मोकळा, त्यामुळे या वेळी नवरा स्वतःहून म्हणाला चला. आमच्या घरात फॉर्म्युला वनचं, म्हणजे गाड्यांच्या त्या शर्यतींचं, ज्ञान शून्य. २००५ मध्ये आपला नारायण कार्तिकेयन त्यात उतरला होता तेव्हा पेपरात फोटो पाहिलेला, २०११ ते २०१३ ग्रेटर नोएडाला रेस झाल्या तेव्हा भावजींचा कोणी मित्र जाऊन आला, संपलं. गोष्टही म्हणाल तर शंभरदा ऐकलेली, उतारवयातला ड्रायव्हर, बुडायला आलेली टीम, उद्धट तरुण पार्टनर, पहिले दोघांचं पटत नाही मग पटतं, शेवट काय होणार ते तिकीट काढतानाच माहीत. ब्रॅड पिट ६१ वर्षांचा, आणि या वर्षी साठीच्या पुढच्या हीरोंचाच सीझन दिसतोय.

तरी अडीच तासांत मी एकदाही मोबाईल बघितला नाही. कारण एक म्हणजे आवाज. गाडी डावीकडून येते तर सीटच्या डाव्या हाताला थरथर लागते, मग ती डोक्यामागून उजवीकडे जाते, घरी बावन्न इंचाचा टीव्ही काय आणि दुकानदाराने गळ्यात मारलेला साउंडबार काय, हे होणे नाही. दुसरं म्हणजे गर्दी खरी आहे. यांनी खऱ्या ग्रां प्रीच्या वीकेंडला, खऱ्या ट्रॅकवर जाऊन शूटिंग केलंय, एफ टू च्या, म्हणजे एक पायरी खालच्या रेसच्या, गाड्या बदलून घेतल्या आणि त्यात कॅमेरे बसवून नटांना चालवायला दिल्या, लुइस हॅमिल्टन स्वतः निर्मात्यांमध्ये आहे, आणि डायरेक्टर जोसेफ कोसिन्स्की म्हणजे २०२२ चा 'टॉप गन मॅव्हरिक' वाला, त्याला नटाला खऱ्या मशीनमध्ये बसवून त्याचा चेहरा दाखवायची खोडच आहे. वळणावर मान एका बाजूला ओढली जाते ना, ती ओढ कॉम्प्युटरवर बनवलेली नाही हे न सांगता कळतं. आणि समजायला काही जड नाही, रेस चालू असताना कॉमेंट्रीवाले सगळं आपल्यासाठी सोपं करून सांगत राहतात, टायर मऊ का, कडक का, टायर बदलायला पिटमध्ये कधी यायचं. चार टायर दोन-अडीच सेकंदांत बदलतात. नवरा बघून म्हणे, "आपल्याकडे गॅस भरायला पोरगं पाना शोधतं त्यात अर्धा तास जातो."

आणि इंटरवल! अशी लाइन मी बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती. झालं होतं काय की हा हीरो मुद्दाम दुसऱ्याला गाडी घासतो, तुकडे ट्रॅकवर पडतात, मग सेफ्टी कार येते आणि सगळ्यांना हळू चालावं लागतं, त्यात याच्या टीमचा फायदा. लायनीत माझ्या पुढे कॉलेजची दोन पोरं तावातावाने भांडत होती.

"अबे ये तो सीधी सीधी चीटिंग है."

"काहे की चीटिंग भिया, नियम में लिखा है क्या कि टक्कर नहीं हो सकती?"

आणि मागून सासूबाई, वय ७४, गुडघ्याला पट्टा, पुढे सरकत त्यांना म्हणाल्या, "बेटा, नियम में नहीं लिखा तो क्या हुआ, पत्ते खेलते समय भी कोई ऐसा करे तो उसको उठा देते हैं." दोघं गप्प. काउंटरवरचा मुलगाही हसायला लागला, आणि आम्ही काही बोलायच्या आधीच म्हणाला, "एफ वन से आए ना आप? उस हॉल के सब लोग लड़ते हुए ही आ रहे हैं." मला सांगा, याहून मोठा रिव्ह्यू कुठे मिळणार.

त्यातली गाडी डिझाइन करणारी इंजिनियर बाई पण मला आवडली, कामाशी काम ठेवणारी, टीममधली एकटी शहाणी, पण मग तिचं आणि ब्रॅड पिटचं जुळवलंच पाहिजे होतं का? तो भाग आला तेव्हा बरेच लोक टॉयलेटला जाऊन आले. घरी परतताना नवऱ्याने रीगलच्या सिग्नलला सर्व्हिसची व्हॅन अशी काही उचलली की मागचे सगळे पाइप आणि सिलिंडर खणखणले, आणि सासूबाई म्हणाल्या, "बाळा, तो पिक्चर होता."

४ जुलैचा डायनोसॉर, 'ज्युरासिक वर्ल्ड रीबर्थ', या पोरांसाठी सातवा आणि माझ्यासाठी पहिल्याशीच तुलना होणारा. १९९४ मध्ये पहिला 'ज्युरासिक पार्क' हिंदीत डब होऊन आला होता, तेव्हा इंग्रजी पिक्चर हिंदीत बघणं हीच नवलाई, मी शाळेत, बाल्कनीचं तिकीट, वर पंखे, एसी कसला, आणि ग्लासातलं पाणी थरथरलं तेव्हा पूर्ण टॉकीज चिडीचूप. त्या टॉकीज आता गेल्या, चौराह्यांना आणि रस्त्यांना नावं ठेवून गेल्या, रीगल, मधुमिलन, सपना-संगीता. नव्या पिक्चरची सुरुवात अशी की लॅबमधल्या एका माणसाच्या चॉकलेटचा रॅपर उडतो, दरवाज्याच्या यंत्रात अडकतो आणि त्यावरून सगळा अनर्थ. इंदूरच्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल सांगायला नको, ओला कचरा सुका कचरा आम्ही झोपेत पण वेगळा करतो, माझी लेक जोरात म्हणाली, "कचरापेटी नव्हती का तिथे!" आणि दोन-तीन रांगा हसल्या. तिथून पुढे हृदयाच्या औषधासाठी जमिनीवरचा, पाण्यातला आणि हवेतला असे तीन सगळ्यात मोठे डायनोसॉर शोधून त्यांचं रक्त आणायचं, जिवंत असताना. मधे रबरी बोट आणि झोपलेला टी-रेक्स हा एक सीन एकदम झकास आहे, त्यात जुनी भीती आहे, आवाज न करता बोट ओढायची, बस एवढंच. पण शेवटी तो फुगीर डोक्याचा बनवलेला राक्षस आणलाय तो ना धड डायनोसॉर ना धड भूत. लायनीत? शाळेच्या बसची फी किती वाढली यावर चर्चा. नापास.

११ जुलैचा 'सुपरमॅन' मात्र हलकाफुलका निघाला. ग्रह फुटतो, बाळ येतं, शेतात सापडतं, हे सगळं परत दाखवलं नाही याबद्दल जेम्स गनचे आभार, पिक्चर सुरू होतो तोच हा मार खाऊन बर्फात पडलेला. त्याचा तो क्रिप्टो नावाचा अवखळ कुत्रा सगळं खाऊन टाकतो, लायनीत एकूण एक माणूस कुत्र्याबद्दल बोलत होता. दोन तास नऊ मिनिटांत संपतो हाही गुणच. आपल्या सेन्सॉरने यातला चुंबनाचा ३३ सेकंदांचा भाग कापला, 'एफ वन'मध्ये पण एका मेसेजमधलं बोट दाखवणारं इमोजी काढून तिथे मूठ लावली, म्हणजे अख्खं शहर उभं चिरलं, बिल्डिंगी आडव्या झाल्या तरी पोरांना चालतं, ते तेवढं चालत नाही. असो.

१८ जुलैचा 'सैयारा' मी बघितला कारण लेकीच्या सगळ्या मैत्रिणींच्या मोठ्या बहिणी बघून आल्या होत्या. गाणी चांगली आहेत. थेटरात रडणाऱ्यांपेक्षा रडणाऱ्यांचे व्हिडिओ काढणारे जास्त होते.

आणि २५ जुलैला एकाच दिवशी दोन, 'फँटॅस्टिक फोर' आणि 'महावतार नरसिंह'. आमचा मराठी श्रावण त्याच दिवशी लागला, इंदूरचा श्रावण दोन आठवडे आधीच लागलेला असतो, त्यामुळे सासूबाईंच्या भजनी मंडळात दोन्हीकडच्या बायका, कुणाचे उपास चालू कुणाचे सुरू होणार, आणि सगळ्यांनी मिळून नरसिंहाची तिकिटं काढायला मलाच सांगितलं. ॲनिमेशन पिक्चर, मोठं नाव एक नाही, आणि आधी शो पण कमीच होते, मग लोकच ओढायला लागले तसे वाढवले, पुढे देशात २०० कोटींच्या वर गेला. चित्रकाम अमेरिकेसारखं नाही हे मान्य, माणसांचे चेहरे जागोजागी लाकडी वाटतात, प्रल्हादाचं लहानपण लांबवलंय. पण खांब फुटतो आणि नरसिंह बाहेर येतो तिथून पुढे जे काही आहे ते बघताना सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, आणि आमच्या रांगेत खाली बघितलं तर बायकांनी चपला काढून सीटखाली सरकवलेल्या. इंटरवलला लाइन लागलीच नाही कारण उपासाला मका चालत नाही. एक काकू काउंटरवर जाऊन साबुदाण्याची खिचडी आहे का विचारून आल्या, इंदुरात हा प्रश्न अगदी रास्त आहे, पण मल्टिप्लेक्सला इंदूर कळत नाही. त्यांच्याकडे नाचोज होते.

आता थेटरांबद्दल, नाव कुणाचंच घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच. तिकिटावर छापलेली वेळ ही पिक्चरची वेळ नसतेच, आधी जाहिराती, मग ट्रेलर, मग परत जाहिराती. बंगळुरूच्या एका माणसाने २५ मिनिटांच्या जाहिरातींवरून ग्राहक न्यायालयात केस केली होती आणि २०२५ मध्ये तिथे जिंकला पण, पुढे हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली, पण त्या माणसाला आमच्या घरातून पूर्ण पाठिंबा आहे. एका ठिकाणी थ्रीडीचं तिकीट काढलं तर चष्मे इतके चरे पडलेले की पडद्यावर कायम पाऊस, तेव्हापासून मी टूडीच घेते, पैसेही कमी आणि डोकंही दुखत नाही. दुसरीकडे एसी नुसता नावाला, नवऱ्याने मान वर करून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "एक ब्लोअर बंद ठेवलाय, बिल वाचवतायत." बाहेर जाऊन मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणे सर, अभी चालू करवाता हूँ, आणि खरंच दहा मिनिटांत गार. तर गरम होत असेल तर बसून राहू नका, जाऊन सांगा.

पॉपकॉर्नचं तर काय सांगू. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी काउन्सिलने सुट्या खाऱ्या पॉपकॉर्नला ५ टक्के, पॅकबंद असले तर १२ आणि कॅरमल असले तर १८ असं सांगितलं होतं, तेव्हा सगळ्यांनी चेष्टा केली, पण माझं म्हणणं टॅक्स राहू दे, मूळ किमतीचं काय? मक्याचे दाणे किलोने आणून घरी कुकरमध्ये उडवते मी, मला माहितीये केवढ्याला पडतात. बाहेरचं आत न्यायला ते अडवू शकतात, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये थेटरवाल्यांच्या बाजूने तसं सांगितलंय, लहान बाळाचं खाणं तेवढं नेता येतं. त्यामुळे आमची पद्धत अशी, की सकाळी पोहे-जिलबी दाबून, बारा वाजायच्या आधीचा शो, तो जवळजवळ सगळीकडे स्वस्त असतो, मंगळवार असला तर आणखी स्वस्त, मागून तिसरी-चौथी रांग मधोमध, आणि पॉपकॉर्न एकच मोठा डबा सगळ्यांत मिळून, त्यावर पर्समधल्या पुडीतला जिरावन मसाला. ती पुडी अजून कुठल्या सिक्युरिटीला सापडलेली नाही.

पाणी विकत घेऊ नका. पिण्याचं पाणी फुकट ठेवणं त्यांना भाग आहे, हेही त्याच निकालात आलंय, काउंटरवाला आधी बाटलीच पुढे करेल, दुसऱ्यांदा विचारलं की टॉयलेटच्या बाजूच्या कूलरकडे बोट दाखवेल. तिथे ग्लास नसतो, आपला घेऊन जा.